निरोगी माणसाची स्लाइड

लेक फिनेलनं फरशी पुसायला लागली, की मी पंचवीस वर्षं मागे जातो. तेव्हा मी क्षयाच्या जंतूंवर संशोधन करायचो आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या, जंतू रंगवायच्या लाल रंगाला असाच वास यायचा.

एके दिवशी रुग्णांच्या स्लाइडशेजारी ताडून पाहायला एका निरोगी माणसाची थुंकी हवी होती. मी छाती पुढे काढून स्वतःचीच दिली. खोकला महिनाभर होता, पण तो स्कूटरच्या धुराचा, असं खुद्द माझंच निदान होतं.

दुपारी सूक्ष्मदर्शकात डोकावलो, तर निळ्या रंगावर क्षयजंतूंच्या लाल काड्यांची जत्रा!

"मोरेबाई, स्लाइडी बदलल्यात तुम्ही!" मी आमच्या तंत्रज्ञबाईंवर ओरडलो.

"अहो डॉक्टर, वर नाव तुमचंय. अक्षरही तुमचंच. इतकं वाईट दुसऱ्या कोणाचं आहे इथं?"

सकाळीच चार महिन्यांच्या लेकीचे मुके घेऊन निघालो होतो. खोकला लांबला की तपासून घ्या, असं अख्ख्या पुण्याला सांगत फिरणारा मी, रोज तिच्या तोंडाजवळ खोकत होतो.

तिला लागण झालेली नाही, हे कळायला तीन महिने लागले. त्यानंतरच हा किस्सा मला हसून सांगता येऊ लागला.

आज फिनेलनं ठसका लागला. लेकीचा हात थांबला.

"बाबा, कधीपासून खोकताय?"

"अगं, फिनेलनं होतंय."

"हो का? मागच्या वेळी स्कूटरनं होत होतं."