अर्धा मांडव

बाटली हातात आली की काकी आधी झाकण उघडून वास घ्यायच्या, मग माझ्या तोंडाकडे बघायच्या. दोन्हींवर त्यांचा सारखाच अविश्वास. "खरं बोल, भेसळ काय केलीस?" माझं माणिकपूरला बियाणं-औषधांचं दुकान, काकींची गिरीजला शिराळ्यांची वाडी. नवऱ्यामागे त्या एकट्याच ती बघत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. रोजच्या रस्त्यानेही रिक्षावाल्याला त्या विचारायच्या, "कुठून नेतोस?"

गेल्या पावसाळ्यात वेलींवर केवडा रोग पडला. पानांवर पिवळे डाग, खालून बुरशीसारखी राखाडी लव, आणि बघता बघता वेली वाळल्या. नालासोपाऱ्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने अट घातली, यंदाही वेली गेल्या तर वाडी बंद, आईने फ्लॅटवर यायचं. काकी हो म्हणाल्या खऱ्या, पण तिथे त्यांचा जीव रमणार नव्हता.

मी कोळंबीच्या टरफलांपासून काढलेलं औषध दिलं. केवडा यायच्या आधीच फवारायचं.

"रोग मारतं?"

"नाही. रोग आलाय असं वेलीला वाटतं आणि ती स्वतःच तयारीला लागते."

"म्हंजे वेलीला खोटं सांगायचं?" पुन्हा वास घेतला. "कोलंबीचा वास पन नाय याला. माझ्या पोरानं तर नाय ना शिकवलं तुला?"

मी जाम चिडलो. काकींनी बाटली नेली, पण फवारलं अर्ध्याच मांडवावर. त्यांचा हिशेब असा, की मी मुलाचा माणूस निघालो आणि औषधानेच वेली मेल्या, तर निदान न फवारलेल्या अर्ध्या वाचाव्यात! मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

न फवारलेला अर्धा मांडव केवड्याने जळाला. दुसऱ्या बाजूला तुरळक डाग, बाकी हिरवंगार. मुलगा आला तेव्हा काकी त्याला हाताला धरून तिकडे ओढत होत्या. "इकडं बघ ना!"

"आई, अर्धी वाडी गेली. सोड आता."

त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग ना याला."

मी सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला सगळा मांडव वाचेल, हेही.

मुलगा म्हणाला, "तुमचं दुकान आहे. तुम्ही असंच बोलणार."

त्याच आठवड्यात काकी त्याच्या फ्लॅटवर राहायला गेल्या.

मला त्यांचा अजून राग येतो, आणि त्यांच्यावाचून दुकानात करमतही नाही. परवा गिरीजला गेलो होतो. फवारलेल्या वेलींना भरपूर शिराळी धरली होती. काढायला कोणी नव्हतं, जून होऊन ती मांडवाखाली तशीच लटकत होती.