हळद, मखमल आणि हिरवा उजेड

किस्से साचतात ते बेसिनच्या गळक्या नळाखाली पाणी साचतं तसे. थेंब थेंब पडत असतो, कुणी बघत नाही; एक दिवस पाय ओला होतो, तेव्हा कळतं. नारायणगावजवळच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी शिपाई होतो, तेव्हाचं हे पाणी.

आम्ही तिघं. थोरात सर, निरगुडसरहून येणारी त्यांची विद्यार्थिनी मनीषा आणि मी.

*

पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं, "ह्या दोन काचांमधी काय भरताय?"

"लिक्विड क्रिस्टल. वाहतं, पण त्याचे कण रांगेत उभे राहतात. त्यात चमकणाऱ्या रंगाचे कण सोडले की तेही रांगेत येतात. मग उजेडही एकाच दिशेचा होऊन बाहेर पडतो."

"म्हंजी टोमॅटो बाजारातल्या जीपा!"

"नाही हो नाना, त्यांना रांग कुठली!"

*

कण रांगेत यावेत म्हणून काच मखमलीनं घासायची असते. मी मखमल आणायला बाजारपेठेतल्या शेठजींच्या दुकानात गेलो. त्यांनी विचारलं, "लग्न कुणाचं?"

"लग्न न्हाई. काच पुसायचीय."

शेठजी माझ्याकडे बघतच राहिले. "राव, आमी नवरीलासुद्धा एवढी भारी दाखवत नाय!"

*

काच एकाच दिशेनं घासायची, परत उलटा हात फिरवायचा नाही. मी त्याआधी आळेफाट्याच्या हॉटेलात टेबलं पुसलेली. हात आपोआप मागंपुढं चालला. सर शांतपणे म्हणाले, "नाना, हे टेबल नाही, आणि मी गिऱ्हाईक नाही. चहा मात्र चालेल!"

*

खंडेनवमीला मी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, आमच्याकडे नांगराला वाहतात तसं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मनीषानं खोली अंधारी करून जांभळा दिवा लावला आणि ओरडली, "सर, चमकलं! या लवकर!"

मीही धावलो. सगळं पिवळंहिरवं झालं होतं. काच, तिची चौकट, दिव्याचं बटणसुद्धा. माझी पाच बोटं तर स्पष्ट दिसत होती. त्या दिव्याखाली हळदही चमकते, हे मला कुठं ठाऊक!

मनीषा मटकन खाली बसली. "नाना, काय केलंत हे!"

पण सर अजून काचेला नाक लावून उभे होते. "कुठं चमकतंय?" त्यांनी विचारलं.

सरांना शुगर होती, हे माहीत होतं. एवढी, हे माहीत नव्हतं.

*

पुण्याच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी हात वर केला. "किती बोटं?"

"तुमचीच असतील तर पाच," सर म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याचा भरवसा नाही, म्हणाले. एस.टी.त सर एवढंच बोलले, "नाना, तो उजेड एकदा बघायचाय. मग काय व्हायचं ते होवो."

त्या दिवसापासून मी काच घासताना श्वाससुद्धा एकाच दिशेनं सोडायचो. मनीषानं घरी जायचं कमी केलं. काच मात्र काही मनासारखी होईना.

*

झाली तेव्हा दुपार होती. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. तोवर दुसराही डोळा गेला होता. मनीषानं पडदे ओढले, दिवा लावला.

"आलं का?"

मनीषा तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"नाना, तुम्ही सांगा. कसं आहे?"

"हुरड्यासारखं, सर. कवळं हिरवं. लई चांगलं."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मनीषा, आता पुढची गाळणीची काच फिरव. ती आडवी आली की एकाच दिशेचा उजेड अडतो. रांग बरोबर असेल तर विझेल."

तिनं काच हळूहळू फिरवली. हिरवा उजेड उतरत गेला, उतरत गेला.

"आता?"

"आता काय दिसंना, सर. अंधार झाला."

अंधारात सर हसले. "छान! आता आपण तिघं सारखे."