नानांची न तापणारी गाडी

नाना गाडीच्या बॉनेटला उलटा हात लावून बघत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. बॉनेट निवलं की मगच घरात पाऊल. आम्ही पोरं त्यांना 'थंडोबा' म्हणायचो आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे!

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास जयगडकडच्या आमच्या खाडीकाठी भाड्याची अँबॅसिडर एकच, ती नानांची. अडलेली बाई असो की छातीत दुखणारा म्हातारा, तिच्यातूनच आंबा घाट चढून कोल्हापूरच्या इस्पितळात जायचा. नानांची बायको, आमच्या नानी, मात्र पोचल्या नाहीत. त्या पोटदुखीने कळवळत होत्या आणि गाडी घाटातल्या एका वळणावर उकळली. इंजिन निवायची वाट बघता बघता त्या वळणावरच गेल्या. पुढे रेडिएटर उघडला तर आत क्षारांचे थर! नाना परसातल्या विहिरीचं पाणी ओतत आले होते. उन्हाळ्यात ते मचूळ व्हायचं. आम्ही पीत नव्हतो, पण गाडीला काय चव कळते, असं सगळ्यांनाच वाटायचं.

"नाना, गोड्या पाण्याच्या गाड्यापण तिथं उकळतात. घाट कुणाचा सोयरा नसतो," लोक समजूत घालत. नानांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. कुणी नानींचा विषय काढला की तेवढंच म्हणत.

हात मात्र स्वस्थ बसेनात. मोडीतल्या ट्रकचा थोरला रेडिएटर आणून त्यांनी पुढचा पत्रा कापून बसवला. पंख्याभोवती तेलाच्या डब्याचं कडं केलं, वारा इकडेतिकडे न पळता जाळीतूनच ओढला जावा म्हणून. बॉनेटची मागची कड वायसरच्या चकत्या घालून उचलली, आतली गरम हवा निघून जावी म्हणून. ध्यान दिसायचं नुसतं! पाणी वरच्या वाडीतल्या झऱ्याचं. "आधी हिला, मग मला," म्हणत, चहासुद्धा नंतर.

एवढं करून त्या वळणावर ते थांबायचेच. "घेऊ दे श्वास तिला." उतारू वैतागत. मलाही राग यायचा. गाडी तापलेली नसायचीच.

एका मे महिन्यात माझी वहिनी अडली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हात टेकले. भर दुपारी घाट लागला. वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर, ओठ पांढरेफटक. समोर ते वळण दिसलं.

"नाना, थांबू नका हो, पाया पडते!"

नानांनी इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं आणि गाडी तशीच वर काढली.

वहिनी वाचली, मुलगी झाली. मी धावत सांगायला बाहेर आले. नाना बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये बघत उभे होते. मला वाटलं, हसतील. त्यांचं तोंड बघवेना.

"पाणी जसंच्या तसं हाय गो बाय," ते म्हणाले. "काटा हललापण नाय. एवढी वर्षं घाटाच्या नावानं बोटं मोडली. आता कुणाच्या नावानं मोडू? तेव्हा गोडं पाणी घातलं असतं तर पोचली असती गो ती."

मी नुसता त्यांचा हात धरला. त्यानंतर ते वळणावर कधी थांबले नाहीत, आणि घाटालाही कधी बोल लावला नाही.