पयले त्याचं सांग

दर्ग्याच्या मुजावर चाचांइतका वेळखाऊ माणूस मी जन्मात पाहिला नाही. कोणी तक्रार घेऊन गेला की ते म्हणायचे, "पयले त्याचं सांग, मंग तुजं आयकतो." ज्याच्याशी भांडण, त्याचीच बाजू आपण मांडायची, आणि तीही समोर बसलेला तो मान डोलवेपर्यंत. हिंदू असो की मुसलमान, सुटका कोणालाच नव्हती.

आमची मंडई, म्हणजे गावची जत्रा, दिवाळीनंतर तलावाच्या पाळीवर, दर्ग्याला लागून भरायची. मी तिचा सेक्रेटरी. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी कुरबुर सुरू झाली. दंडारीच्या नाचगाण्याचा ढोल ऐन संध्याकाळच्या नमाजात वाजतो म्हणून दर्ग्याकडचा रहीम चिडला, तर ढोल थांबणार नाही म्हणून ढोलवाला सोमाजी अडून बसला. मंडई चार दिवसांवर आलेली, आणि चाचांनी दोघांना तीन दिवस समोरासमोर बसवून ठेवलं! मी भडकलो. "चाचा, निकाल द्या ना! कायले गुऱ्हाळ लावून राहिले?"

"निकाल मी देईन, सेक्रेटरी. पन संग राहाचं या दोघायले हाये," असं म्हणून त्यांनी पुन्हा चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी सोमाजी वैतागून बोलला, "याच्या बापाले कमी आयकू येते. ढोल वाजला का म्हाताऱ्याची नमाज चुकते, अन् मंग तो रडते." रहीमने पहिल्यांदा मान डोलवली. मग तो सोमाजीचं सांगू लागला, "थंडीत ढोल थांबला का कातडं ढिलं पडते. पुन्हा शेकावं लागते." आणि स्वतःहून म्हणाला, "मीच देईन शेकून."

त्या वर्षी सोमाजीने नमाजापुरता ढोल थांबवला. नमाज होताच रहीम धावत आला, भाताच्या तणसाच्या जाळावर त्याने ढोल शेकला आणि बापाला घेऊन पुढच्या चटईवर बसला. पुढेही दरवर्षी असंच चालायचं.

चाचा गेले, आणि दोनच वर्षांत ढोलाचा वाद पुन्हा निघाला. आता निकाल माझ्या हाती होता. कोणाचं काही न ऐकता मी पंधरा मिनिटांत मंडई तलावाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. सेक्रेटरी असावा तर असा, असं लोक म्हणाले. मीही खूश झालो, मूर्खासारखा.

ढोल आता थांबत नाही, आणि दर्ग्याकडचं कोणी मंडईत फिरकत नाही. असे सोडून गेले म्हणून मला चाचांचा राग येतो, पण त्याहून जास्त माझा. निदान भांडायला तरी कोणी यावं!

परवा बाजारात रहीम दिसला. मी त्याला अडवलंच. "काऊन रे, येत नाहीस? काही तक्रार असंल तर सांग ना!"

"तक्रार काहीच नाही, सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला आणि सायकल ढकलत निघून गेला.