अडचण नावाचं कारण

कालिंदी गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या माझ्या दवाखान्यात एका बाईचा रक्तदाब मोजत होते. कालिंदीचे यजमान वसंतअण्णा एवढंच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, कालिंदी गेली. झोपेतच." मी विचारलं, गोळ्या वेळेवर चालू होत्या का? ते व्हय म्हणाले. मग मी समोरच्या बाईला मीठ कमी खायला सांगितलं, पुढच्या पेशंटला आत बोलावलं, आणि तिचं सगळं ऐकून झाल्यावर लक्षात आलं की मला त्यातलं काहीच ऐकू आलेलं नाही... वसतिगृहापासूनची मैत्रीण गेली आणि मला सुचलं काय, तर गोळ्या! कालिंदी असती तर म्हणाली असती, "सोपा प्रश्न आधी इचारतीस बघ तू."

ती बेळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. माहेर वडगावचं, विणकरांचं. घरात दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळे सगळं घरच ओरडून बोलायचं. कालिंदीनं एखादं गुपित सांगितलं की ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं, आणि वर तीच विचारायची, "कुणी ऐकलं न्हाय न्हवं?" अशी बाई एखादी गोष्ट पोटात ठेवू शकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आकड्यांवर तिचं प्रेम होतं, विश्वास मात्र बेताचाच. आकडा शहाण्या पोरासारखा असतो, म्हणायची, ज्यानं विचारलं त्याला आवडेल तसं बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं सीमाभागातल्या दवाखान्यांत पाहणी केली. बायका गर्भपात का करून घेतात, हा विषय. आकडे तपासायला कालिंदीला घेतलं होतं. माझ्याकडच्या कागदांवरून तिला काही मिळण्यासारखं नव्हतं, ते मी तिला आधीच सांगितलं. कायद्याला कारण लागतं, आणि चालणाऱ्या कारणांत सगळ्यात बिनबोभाट कारण म्हणजे गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं. मी विचारते, बाई मान डोलावते, मी लिहिते. आम्हा डॉक्टरांचे कागद खरे मानले तर या भागात साधनांइतका निकृष्ट माल दुसरा कुठला विकला जात नसेल.

म्हणून संस्थेनं बायकांनाच विचारायचं ठरवलं. विचारणाऱ्या मुली बाहेरगावच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्यांच्या छापील पर्यायांत 'अडचण' हा शब्द एकाच ठिकाणी होता, 'आर्थिक अडचण'. आणि आमच्याकडच्या बायका कारण विचारलं की खाली बघून काय म्हणतात? "अडचण हाय." त्यात सासू येते, दारू येते, अंगावर पिणारं मूल येतं, नको असलेला नवराही येतो. मुली इमानदारीनं 'आर्थिक'वर खूण करत गेल्या. उद्यमबागेत ज्यांची फौंड्री आहे त्यांची सूनही त्या हिशेबानं गरीब ठरली. एका बाईनं तर सरळ सांगितलं, "अडचण आली न्हाय, म्हणून आले." पाळीला इथं अडचणच म्हणतात. बाईची पाळी चुकली होती. मुलीनं थोडा विचार करून पुन्हा 'आर्थिक'वरच खूण केली. हे सांगताना कालिंदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

हसणं थांबलं ते बेळगावच्या चर्चासत्रात. व्यासपीठावरचे साहेब सांगत होते की मूळ कारण गरिबी आहे, हातात पैसा आला की बायका यायच्या थांबतील, तेव्हा समुपदेशनाचा खर्च आर्थिक मदतीकडं वळवावा. कालिंदी उठली. आधी पुस्तकी भाषेत शब्दाचा घोळ समजावला. साहेब म्हणाले, "मॅडम, थोडीफार चूक सगळ्याच आकड्यांत असते." तेव्हा तिची भाषा सुटली.

"असल्या आकड्यात मीपण हाय," ती म्हणाली आणि शेजारी बसलेल्या माझ्याकडं बोट केलं. "थोरला झाल्यावर ह्या उषाच्या दवाखान्यात गेलते मी. कागदावर लिवलंय, साधन निकामी. आमी साधन वापरलंच नव्हतं."

साहेबांनी विचारलं, मग खरं कारण काय होतं?

"ते तुमच्या रकान्यात मावायचं न्हाय," एवढं बोलून ती खाली बसली. तिनं ते उघड सांगितलं म्हणूनच मी इथे लिहू शकते, नाहीतर माझ्या तोंडून ते कधीच निघालं नसतं. शेवटच्या रांगेत वसंतअण्णा बसले होते, तिला घरी न्यायला आलेले. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि पाहिला नसता तर बरं, असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात त्यांना भेटायला गेले. कालिंदीची थोरली बहीण, आक्का, तिथंच राहायला आली होती. चहा झाला, आणि अण्णांनी इतके दिवस मनात धरलेलं बोलून टाकलं. "मला म्हणाली होती, थोरला अजून अंगावर पितोय, एवढ्यात नको. मी बरं म्हणालो. मग त्या दिवशी सगळ्यांदेखत मावायचं न्हाय का म्हणाली? माझं काय चुकलं होतं काय?"

आक्का चमकून म्हणाली, "मला तर म्हणाली, शिक्षण अर्धं ऱ्हाईल. तुमास्नी सांगू नको म्हणाली."

दोघंही माझ्याकडं बघू लागले. डॉक्टरला खरं सांगितलं असणार, असा त्यांचा हिशेब. धीर द्यावा म्हणून काहीतरी सांगता आलं असतं, पण कालिंदीच्या घरात बसून ते जमेना.

"मला अडचण म्हणाली, अण्णा. आणि मी पुढं विचारलं नाही. मी कुणालाच विचारत नाही."

"म्हंजे खरं काय ते कुणालाच ठाऊक न्हाय म्हणा."

"तिला होतं की," मी म्हणाले.

मला तिची फार आठवण आली. आतल्या बाजूला तिची खोली होती. दुपारच्या जेवणानंतर ती तिथं दार ओढून घेऊन बसायची. वाचायची, झोपायची की नुसती बसायची, कोण जाणे. आता आत कुणी नव्हतं, पलंगावरची गादीही गुंडाळलेली. दुपारची जेवणं आटोपली, आक्कानं टीव्ही लावला. अण्णा उठले, आवाज कमी केला, आणि जाता जाता खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.