कृपया खरे आडनाव लिहा

लाल अक्षरं. भिंतीएवढ्या पडद्यावर. "कृपया खरे आडनाव लिहा." त्याच्या वर तीन चौकटी. पहिलीत माझं नाव. दुसरीत माझ्या वडिलांचं. तिसरीत आडनाव: नाही.

आमच्या टीमच्या प्रमुख अनघाताईंनी ते माझ्या डोळ्यांदेखत टाइप केलं होतं. मला वाटलं, कौतुकाने माझं नाव घेतायत. मग त्यांनी 'जतन करा' दाबलं आणि चौकट लाल झाली.

"बघा," त्या टेबलापलीकडच्या मंडळींना म्हणाल्या, "कोणी आडनावाच्या जागी काहीबाही भरलं, की सिस्टम तिथल्या तिथे अडवते. आणि गंमत म्हणजे हे उदाहरण मी रचलेलं नाही हं. खरंच आहे. आमच्या टीममधलं. ही काय, इथेच बसलीये."

सगळे माझ्याकडे वळले.

"आडनावच 'नाही'?" एका विश्वस्तांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग स्थळं बघताना पंचाईत होत असेल. मुलाकडचे म्हणत असतील, आम्ही काही बोलायच्या आधीच हिचा नकार!"

खोलीभर हसू. अनघाताई तर डोळे पुसत हसल्या. आणि मी? मीही हसले. गालाचे स्नायू दुखेपर्यंत.

आमचं ऑफिस लोअर परळला, पूर्वी गिरणी होती त्या आवारात. टेबलापलीकडे बसले होते ते एका ट्रस्टचे लोक. परळच्या हॉस्पिटलांत गावोगावाहून पेशंट येतात. त्यांच्या नातेवाइकांना हा ट्रस्ट राहायला जागा देतो. नाहीतर ती माणसं हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर चटई टाकून राहतात. परळमध्ये राहणाऱ्या कोणालाही ते दृश्य नवीन नाही. त्या जागेसाठी आता वेबसाइटवरून अर्ज करायचा होता आणि ती वेबसाइट आम्ही करत होतो.

माझं काम चुकांचं. माणूस जे भरतो ते साठवण्याआधी एका चाळणीतून जातं. आमच्या कामात त्या चाळणीला मॉडेल म्हणतात. मोबाईल नंबरात आकडा कमी असेल, यायची तारीख जायच्या तारखेनंतरची असेल, तर मॉडेल ते अडवतं आणि काय चुकलं ते एका वाक्यात सांगतं. ती वाक्यं मी लिहायची.

ते काम मला अनघाताईंनी शिकवलं. हे मी कधी नाकारणार नाही. मी तालुक्याच्या गावातून आलेली. आमच्या घरात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मराठीत सांग गं, कळतंय मला." सांगितलं. नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी 'मॅडम' म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम काय? ताई म्हण." त्या दादरच्या. त्यांच्या आईच्या हातची वालाची उसळ डब्यात यायची, त्यातली वाटीभर न मागता माझ्या झाकणात पडायची. आमच्या गावात माझ्या झाकणात असं कोणी काही वाढलं नव्हतं. मी त्या वाटीला फार मोठं समजले.

मी लिहिलेला पहिला मेसेज होता, "तुम्ही अवैध क्रमांक दिला आहे." त्यांनी तो खोडला.

"अवैध कोण? क्रमांक की माणूस? हे बघ, समोरचा माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याला दोष द्यायचा नाही. काय हवंय तेवढं सांगायचं."

मी नवीन लिहिलं, "मोबाईल क्रमांकात दहा आकडे हवेत." त्या म्हणाल्या, "शाब्बास." त्या शाब्बासकीवर मी कितीतरी दिवस जगले. प्रत्येक वाक्य लिहिताना डोळ्यांसमोर आई आणायची, मोबाईल हातात घेऊन बसलेली. तिला हे वाचून अपराधी वाटेल का? वाटणार असेल तर वाक्य बदलायचं.

आता आडनावाचं सांगते.

आमच्या गावात आडनाव म्हणजे पत्ता. ते उच्चारलं की समोरच्याला कळतं, तुमचं घर ओढ्याच्या कुठल्या बाजूला आणि तुम्हाला चहा कुठल्या कपात. माझ्या वडिलांनी ते टाकून दिलं. मला शाळेत घालायला गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, "आडनाव?"

बाबा म्हणाले, "आडनाव न्हाई लावत आमी."

"काहीतरी लिहावं लागेल ना."

"न्हाई."

मास्तरांनी लिहिलं. बाबांचं 'न्हाई' त्यांनी शुद्ध करून लिहिलं, 'नाही.' मुद्दाम की सवयीने, कोण जाणे. पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच, पदवीवर तेच, आधारवरही तेच. हजेरी घेताना मास्तर माझं नाव घेऊन म्हणायचे, "नाही!" मी म्हणायचे, "हजर!" वर्ग फुटायचा. एकदा रडत घरी गेले, म्हटलं दुरुस्त करून घ्या. बाबा म्हणाले, "दुरुस्त म्हंजे काय लिवायचं? जुनं? ते लिवलं तर हसणार न्हाईत, पर वळखतील. हसू दे."

मला ते पटायला वर्षं लागली. पण पटलं.

ही गोष्ट मी मुंबईत एकाच माणसाला सांगितली. अनघाताईंना. जेवताना. सगळी सांगितली. ओढा, चहाचा कप, वर्गातलं हसू. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "किती गं सोसलंस." मला वाटलं, इथे मी सुरक्षित आहे.

मॉडेलमध्ये आडनाव मी सक्तीचं ठेवलं नव्हतं. रिकामं सोडलं तरी अर्ज पुढे जायचा. आडनाव न लावणारी माणसं थोडीथोडकी नाहीत, मला माहीत होतं. ते लाल वाक्य माझं नव्हतंच. पडद्यावर मी ते पहिल्यांदा वाचत होते.

मंडळी गेल्यावर पँट्रीत अनघाताई कॉफी घेत होत्या. मी विचारलं, "ताई, हा नियम कधी घातला?"

"परवा. अगं, तुझ्यामुळेच तर सुचला! तू ते शाळेचं सांगितलंस ना, तेव्हाच डोक्यात आलं. लोक 'नाही' लिहितात, 'निरंक' लिहितात, नुसती रेघ मारतात, नाहीतर रिकामंच सोडतात. ते सगळं अडवायला हवं."

"पण माझं आडनाव खरंच ते आहे."

"हो गं, पण तू अपवाद. तू काय तिथे खोली मागायला जाणारेस?"

मी माझा कप धुवायला घेतला. त्यांना वाटलं रुसले.

"मनावर घेतलंस? अगं, मी सगळीकडे तुझं कौतुकच करते. आणि एक सांगू? बदलून टाक ना सरळ. गॅझेटमध्ये देता येतं. हवं तर माझं लाव!" हसल्या. मग कपात बघत, आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "पण तुमचं मूळ काय गं? म्हणजे जुनं आडनाव. तू सगळं सांगितलंस, तेवढं मात्र सांगितलं नाहीस. नुसतं कुतूहल हं."

नुसतं कुतूहल.

ओढ्याच्या अलीकडून पलीकडे बघणाऱ्या माणसाचं असतं तेच. इतके महिने उसळीची वाटी वाढताना हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. त्यांनी माझी सगळी गोष्ट ऐकली होती आणि त्यात त्यांना एकच रिकामी चौकट दिसली होती.

मी म्हटलं, "काम आहे, जाते."

मी आत्याकडे राहते, परळच्याच चाळीत. आत्याला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती.

"आणि तू काय केलंस गं तेव्हा?"

"हसले."

सुरी थांबली. "हसलीस? कोणाला?"

विश्वस्त मला हसले. अनघाताई मला हसल्या. मी कोणाला हसले? त्या शाळेच्या खोलीत मास्तरांसमोर हात बांधून उभ्या असलेल्या माणसाला?

आत्या पुन्हा कांदा चिरू लागली.

पुढच्या बैठकीला अनघाताईंनी मला काम दिलं, आडनावाचं ते लाल वाक्य हिंदी आणि इंग्रजीत करून टाक. ट्रस्टचे लोकही बसले होते. मी म्हटलं, "त्याआधी एक विचारायचंय. खोली द्यायला पेशंटचा केसपेपर लागतो. आधार लागतं. आडनाव कशाला लागतं?"

अनघाताई पटकन म्हणाल्या, "डेटा स्वच्छ राहावा म्हणून. पुढे जाऊ या."

पण त्या चष्मेवाल्या विश्वस्तांना लपवायची गरज वाटली नाही. ते सरळ म्हणाले, "अहो, एका खोलीत दोन कुटुंबं असतात. स्वयंपाकाचा ओटा एक. कोणाशेजारी कोण, हे बघायला नको? नंतर लोक आमच्याकडे तक्रारी घेऊन येतात. आडनाव असलं की आम्हाला आधीच जुळवता येतं. भेदभाव नाही हो, सोय."

सोय.

मी अनघाताईंकडे पाहिलं. त्यांना धक्का बसला असता तर मी आजही त्यांना माफ केलं असतं. बसला नाही. त्या लॅपटॉपवर काहीतरी शोधत होत्या. त्यांना हे माहीत होतं. 'डेटा स्वच्छ' या शब्दांचा अर्थ त्यांना माहीत होता. माझ्या बाबांच्या 'न्हाई'तून माणसं निसटू शकतात, हे मी त्यांना जेवताना सांगितलं आणि त्यांनी ती फट बुजवली. माझ्याच गोष्टीने बुजवली.

"मॅडम," मी म्हटलं. ताई तोंडातून निघालंच नाही. "हे वाक्य मी लिहिणार नाही. कुठल्याच भाषेत. तुम्हीच शिकवलंत, माणसाला दोष द्यायचा नाही, काय हवंय तेवढं सांगायचं. मग स्पष्ट सांगू या. 'तुमची जात कळल्याशिवाय खोली मिळणार नाही.' हे लिहायचं असेल तर आत्ता लिहून देते. व्याकरणासकट."

कोणी हसलं नाही.

"हे जरा अती होतंय," अनघाताई म्हणाल्या. मान खाली. "तू नाही लिहिलंस तर दुसरं कोणीतरी लिहील."

"लिहू दे. माझ्या हातून नाही."

लिहिलंच दुसऱ्या कोणीतरी. नियम लागू झाला. मला त्या कामावरून काढून दुसरीकडे टाकलं. अनघाताई आता दिसल्या की 'काय, बरं चाललंय ना?' विचारतात आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टकडे वळतात. डबा मी माझ्या जागेवर खाते. वाईट वाटतं का? वाटतं. तशा मायेने आधी कोणी शिकवलं नव्हतं. म्हणूनच घाव खोल गेला. परक्याने केलं असतं तर त्याला गावातल्यांच्या रांगेत बसवून मोकळी झाले असते.

नोकरी मी सोडलेली नाही. सोडणार नाही. ती मला कोणी दयेने दिलेली नाही, हे कळायला मला हे सगळं व्हावं लागलं. जिथे जिथे माझ्यासमोर मॉडेल येईल आणि त्यात आडनावाची चौकट असेल, तिथे मी सगळ्यांसमोर विचारणार, हे कशाला हवंय? उत्तर 'सोय' आलं की ती सोय कोणाची हे विचारणार. ऐकतील, न ऐकतील. विचारल्याशिवाय एकही चौकट माझ्या हाताखालून जाणार नाही. ट्रस्टलाही लेखी कळवलंय, माझ्या पूर्ण नावाने. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहिणार आहे.

आणि हे वाचता वाचता तुमच्याही मनात तो प्रश्न येऊन गेला असेल. मूळ काय असेल हिचं? जुनं आडनाव कोणतं असेल?

तो का आला, ते तुम्ही बघा. मी सांगणार नाही.