खिशातली पोटली

पोटली माझ्या खिशात नव्हती, कॅमेऱ्याच्या बॅगेत होती. एवढं एक वाक्य मी बायकोला सांगितलं नाही, आणि काही हिवाळे तसेच गेले. ती बॅगेत ठेवणारा मी होतो. बॅगेत का ठेवली हेही मला माहीत होतं. तरी दोष मी तिच्यावर टाकला, आणि तिने तो खरा मानून घेतला.

बडोद्यात कसली आलीय थंडी, असं बाहेरचे लोक म्हणतात. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीपुरतं ते खरंही आहे. पण डभोईच्या पुढे, शेतांच्या मधोमध एक मोठं तळं आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्याच्या काठावर उभं राहिलं की पाण्यावरून येणारं वारं बोटांत शिरतं. मी पक्ष्यांचे फोटो काढतो. नोकरी वेगळी आहे, हा नाद आहे. या नादात पाय गारठले तरी चालतं, नाक गारठलं तरी चालतं, पण उजव्या हाताचं पहिलं बोट गारठून चालत नाही. शटरचं बटण अर्धं दाबून धरायचं आणि पक्षी उडाला की पूर्ण दाबायचं. बधिर बोटाला अर्धं आणि पूर्ण यातला फरक कळत नाही. जाड हातमोज्यातल्या बोटालाही कळत नाही. हातावर फुंकर मारावी तर वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. म्हणून जो तो आपापले उपाय करतो. कुणी हात काखेत धरतो, कुणी कॅमेऱ्याच्या तिवईच्या धातूच्या पायांना जुनं फडकं गुंडाळतो. मी उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्याने बोट कापू नये म्हणून लावतात ती चिकटपट्टी गुंडाळत असे.

एकदा सकाळी घरी आल्यावर मला चहाचा कप धरवेना. बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझी बोटं हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे हात आहेत की फ्रीजमधल्या भेंड्या?" त्याच दुपारी तिने पोटली शिवली. मुलीच्या नवरात्रातल्या चणियाचं, म्हणजे घागऱ्याचं, कापड उरलं होतं, लालभडक, वर पिवळंहिरवं भरतकाम. त्यावरचे आरसे तिने उसवून काढले, एक कसा कोण जाणे राहिला. आत तांदूळ आणि मूठभर ओवा. पहाटे माझ्या आधी उठून ती तव्यावर पोटली शेकायची. घरभर ओव्याचा वास सुटायचा. तव्यावरून उचलताना तिच्या चष्म्यावर धुकं धरायचं. ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "बघा, माझ्या काचा आंधळ्या झाल्या. तुमच्या काचांपासून ही लांब ठेवा. जाकिटाच्या खिशात. बॅगेत नको."

त्या पोटलीने माझे हात खरोखर वाचवले. सूर्य वर येईपर्यंत ती कोमट राहायची. परत आल्यावर मी लगेच फोटो दाखवावेत असं तिला वाटायचं. डबा भरता भरता ती बघायची आणि म्हणायची, "हा माझ्या तांदळाचा फोटो."

आमची तिघांची टोळी होती. एकजण शहरातल्याच अकोट्याचा, गाडी त्याची. दुसरा गुजराती, मांडवीत कापडाचं दुकान असलेला. लहानपणी मराठी कुटुंबांच्या शेजारी राहिल्यामुळे त्याचं मराठी आमच्याइतकंच चांगलं, पण चिडवायचं असलं की तो गुजरातीवर यायचा. पोटली पहिल्यांदा खिशातून बाहेर काढली तेव्हा त्याने आधी आरसा पाहिला, मग मला पाहिलं.

"अल्या, गरबा रमवा आव्यो छे के फोटा पाडवा?"

अकोटेकर हसला आणि म्हणाला, "ओव्याचा वासही येतोय. पोटात दुखतंय का रे?"

पुढच्या वेळी गाडीत बसतानाच कापडवाल्याने काच खाली केली. "बाळंतिणीचा शेक आला वाटतं." चेष्टाच होती ती. आम्ही एकमेकांच्या टकलापासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांची चेष्टा करत आलो आहोत. पण मी मोठी लेन्स नुकतीच घेतली होती, चारचौघांत मला फोटोग्राफर म्हणवून घ्यायचं होतं, आणि माझ्या खिशातून मुलीच्या घागऱ्याचा तुकडा डोकावत होता. मला लाज वाटली. आज हे लिहिताना त्या लाजेचीच लाज वाटते.

तेव्हापासून मी घरातून पोटली खिशात घालून निघायचो आणि जिना उतरला की ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबायचो. तळ्यावर बॅटरी शोधण्याचं निमित्त करून हात आत घालायचा, शेकून घ्यायचा. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, त्यामुळे कुणाला संशय येत नसे.

एका पहाटे निघायला उशीर झाला. गार जास्त होतं म्हणून बायकोने पोटली नेहमीपेक्षा कडक शेकली होती. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. घाईत बाहेरच्या कप्प्याची चेन अडकली, म्हणून मी पोटली आत टाकली, लेन्सला लागूनच, आणि बॅग बंद केली. ती तशीच तळ्यापर्यंत डिकीत गेली.

आम्ही पोचलो तेव्हा राजहंस पाण्यावर होते. हे डोक्यावर काळे पट्टे असलेले पाहुणे हिमालयापलीकडून येतात आणि उजाडताच शेतांकडे उडतात. तांबडं फुटलं आणि अख्खा थवा एकदम उठला, आमच्या डोक्यावरून, पंखांच्या खालून उजेड घेऊन. मी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसतं दूध. लेन्स पुसली, पुन्हा दूध. कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूच्या काचेवरही वाफ धरली होती. शेजारी दोघांच्या शटरचा आवाज थांबत नव्हता. थवा गेला. मग मी बॅग उघडली आणि ओव्याचा वास आला.

मी त्या दोघांना सांगितलं, लेन्समध्ये काहीतरी बिघाड आहे. घरी पोचेपर्यंत राग साठत गेला, आणि तो काढायला एकच माणूस होतं. बायको डबा भरत होती. मुलगी समोर बसली होती.

"तुझ्या पोटलीने आज घात केला," मी म्हणालो. "सगळ्या काचा वाफेने भरल्या. असा थवा पुन्हा मिळायचा नाही."

तिचा हात थांबला. "पण खिशातच होती ना?"

"खिशातच होती. मग काय बॅगेत ठेवीन?"

"खिशातून एवढी वाफ जाईल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. डब्याचं झाकण लावत पुन्हा म्हणाली, "जाकिटातून वर येत असेल. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मुलगी म्हणाली, "बाबा, आई मुद्दाम करते का?" तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. मी अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा पोटलीची शिवण उसवलेली होती आणि तांदूळ गच्चीवर चिमण्यांना घातले होते. त्या आठवड्यात तिने माझ्यासाठी बोटांची टोकं उघडी असणारे महागातले हातमोजे मागवले. ते मला कधी जमले नाहीत, पण मी ते घालून निघायचो. पहाटे स्वयंपाकघरात दिवा लागेनासा झाला. "मी उठून काय करू, माझ्याकडून पुन्हा काही बिघडायचं," असं एकदा म्हणाली, सहज म्हणावं तसं. मी चोरासारखा दार ओढून घेऊन जायचो, हायवेवरचा चहा प्यायचो. फोटो दाखवले तर बघायची, पण स्वतःहून मागायची नाही. पोटलीचं कापड धुऊन, पुन्हा शिवून तिने गॅलरीत टांगलं आणि त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. रोज टॉवेल वाळत घालताना तो उरलेला आरसा माझ्याकडे बघायचा. तरी मी गप्प राहिलो. गोष्ट जुनी झाली, आता कशाला उकरायची, असं मी स्वतःला सांगत होतो.

गेल्या जानेवारीत कापडवाला मित्र तळ्यावरून सारखा गाडीकडे जात होता. त्या वर्षी त्याची बोटं सांध्यात दुखायला लागली होती. तो तिकडे असतानाच एक मोठा गरुड समोरून मासा घेऊन गेला. त्याला त्याचा फोटो मिळाला नाही.

"कुठे जातोस रे सारखा?" मी विचारलं.

"हात शेकायला." तो थोडा ओशाळला. "हस तू. तुझा हक्क आहे. पोटली केलीय घरी. आमची बायको तुमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती ना, भाभीने शिकवली."

"मग इथे आण. खिशात ठेव."

"ना, ना. भाभीने बजावलंय. खिशातसुद्धा ठेवायची नाही, गाडीतच ठेवायची. तुझा तो थवा गेला ना खिशातल्या वाफेने." मग तो हात चोळत म्हणाला, "भाभी बोलल्या, माझ्यामुळे यांचं नुकसान झालं, तसं तुमच्या घरी व्हायला नको."

मी कॅमेरा खाली ठेवला. माझं खोटं आता दुसऱ्याच्या घरी नियम म्हणून गेलं होतं. ते पोचवलं होतं तिने, काळजीपोटी, स्वतःला दोष देऊन. आणि हा दुखऱ्या बोटांचा माणूस त्या नियमापायी गाडीपर्यंत खेटे घालत होता.

घरी आलो तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. रविवार होता. चिमट्यांची पोटली दांडीला लटकत होती. मी बूटही काढले नव्हते.

"त्या दिवशी पोटली खिशात नव्हती," मी म्हणालो. "बॅगेत होती. लेन्सला लागून."

कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. हातातला परकर तिने अर्धवट पिळलेला तसाच बादलीत टाकला. "म्हणजे मी लोकांना चुकीचं सांगत होते?"

"हो."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, बॅगेत नको म्हणून. मग का ठेवलीत?"

ज्या प्रश्नाला मी एवढी वर्षं घाबरत होतो तो हाच. "ते दोघे हसायचे. मला लाज वाटायची त्या कापडाची. म्हणून लपवायचो."

"मी कापड बदलून दिलं असतं," ती म्हणाली. "साधं पांढरं घातलं असतं. सांगायचं होतं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "आधी त्यांना फोन करा. थंडी अजून आहे. त्यांचे हात दुखताहेत."

मी तिच्यासमोर फोन लावला, आवाज मोठा ठेवून. मित्राला म्हणालो, पोटली खिशात ठेव, काही होत नाही. तो म्हणाला, पण भाभी तर... मी त्याला मध्येच थांबवलं आणि गुजरातीत सांगितलं, कारण ज्या भाषेत लाजलो होतो त्याच भाषेत ते सांगावंसं वाटलं. "भाभीनो कोई वांक नहोतो. वांक मारो हतो." दोष भाभीचा नव्हता, माझा होता. तुझ्या चेष्टेच्या भीतीने मीच पोटली लेन्सजवळ दडवली होती, हेही सांगितलं. तो हसायला लागला, मग मध्येच थांबला. "भाभी आहेत तिथे?" त्याने हळू विचारलं. मी हो म्हणून फोन ठेवला.

ती पुन्हा कपड्यांकडे वळली होती. मी बादलीतला परकर उचलून पिळला आणि तिच्या हातात दिला. तिने घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी चुकलो मी, आणि खोटंही बोललो. तू स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी ते रोज बघत राहिलो. तुझ्या पोटलीने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. मला माफ कर."